विरोधी सदस्य आणि सेहेचाळीस जोड गमबूट

मंगळवार, २० एप्रिल १९८२ रोजी संध्याकाळी सात वाजता, पाराना नदीकाठच्या लास पालोमेतास गावातील कॉन्स्तान्सिया क्लबात पुढील गोष्टी होत्या: बोचास खेळण्याचे मातीचे मैदान एक, लांबी सव्वीस मीटर, रुंदी चार, लाकडी गोळे आठ, त्यांपैकी चार गुळगुळीत, चार रेघांचे, लिंबाएवढा छोटा गोळा एक, अंतर मोजायची पितळी टोकांची सरकती काठी एक, रेडिओ एक, चालू, टीव्ही एक, दुरुस्तीला गेलेला, म्हणून मोजण्यात धरलेला नाही, शाळेतून उसना आणलेला नकाशा एक, ज्यात माल्विनास बेटे दोन सेंटिमीटरची होती, सभासद एकतीस, युद्धनीतीचे जाणकार एकतीस, वेगळे मत असलेले, शून्य.

सगळी अडचण या शेवटच्या आकड्याने केली.

ही मोजणी ओविदियो ब्रिसुएला याने केली होती. तो शाळेत पदार्थविज्ञान शिकवी आणि क्लबात मापे घेई. बोचास हा खेळ सोपा आहे: छोटा गोळा आधी फेकायचा, मग दोन्ही बाजूंनी मोठे गोळे त्याच्या जवळात जवळ नेऊन ठेवायचे; ज्याचा जवळ, तो जिंकला. कुणाचा जवळ यावर डोकी फुटायची वेळ आली की ब्रिसुएला मास्तर काठी घेऊन उकिडवा बसे, एक डोळा मिटे आणि आकडा सांगे. तो आकडा कोणी मोडत नसे. गेली बावीस वर्षे गावात दोन गोष्टींवर वाद झाला नव्हता: चर्चमधली मृतांची नोंद आणि ब्रिसुएलाचे माप.

आपल्या सैन्याने इंग्रजांच्या ताब्यातली माल्विनास बेटे घेतली त्याला अठरा दिवस झाले होते. इंग्रजांचे आरमार निघाले होते आणि ते वाटेत कुठवर आले आहे याबद्दल रेडिओला जेवढे ठाऊक होते त्यापेक्षा क्लबाला अधिक ठाऊक होते. मैदानाच्या एका टोकाला आपला किनारा, दुसऱ्या टोकाला छोटा गोळा म्हणजे बेटे, आणि मधे रेघांचे गोळे म्हणजे शत्रूची जहाजे, अशी मांडणी झाली. क्लबाचे अध्यक्ष पाउतासो यांचे हार्डवेअरचे दुकान होते, त्यामुळे लोखंडाशी संबंधित सर्व बाबतीत, म्हणजे आरमाराबाबतही, त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. त्यांनी योजना सांगितली. सर्वांना पटली. ती ठराव करून राजधानीत, देश चालवणाऱ्या सेनापतींकडे पाठवायचे ठरले. चर्चा चार मिनिटांत संपली.

"असं नाही चालणार," सचिव लेन्सिना म्हणाला. तो पोस्टात कारकून होता आणि क्लबाची नियमावली त्याच्या बगलेत कायम असे, जशी दुसऱ्यांच्या बगलेत छत्री. "नियम सतरा. ज्या ठरावाविरुद्ध किमान एक सभासद बोलला नाही, तो ठराव इतिवृत्तात घेता येत नाही."

"मग बोला कोणीतरी विरुद्ध," पाउतासो म्हणाले.

कोणी बोलेना.

"अरे, बोला की! एरवी एम्पानाद्याच्या सारणात मीठ कमी पडलं तर तासभर भांडता."

"मिठाचं वेगळं आहे, शेठ," मागून कोणीतरी म्हणाले. "मिठावरून कोणाला घरातून उचलून नेत नाहीत."

यावर सगळ्यांनी छताकडे पाहिले. छताला पंखा होता, एक. मग हळूहळू तीस माना ब्रिसुएलाकडे वळल्या. कारण उघड होते. गावात 'अंदाजे' आणि 'बहुधा' हे शब्द फक्त तोच वापरत असे.

विरोधी सदस्य म्हणून ब्रिसुएलाची नेमणूक तीस विरुद्ध शून्य मतांनी झाली. ब्रिसुएला तटस्थ राहिला. मापाड्याने मत देऊ नये असे त्याचे तत्त्व होते. तेवढ्यात लेन्सिनाने बोट वर केले. नेमणुकीचा ठरावही ठरावच, आणि त्याच्या विरुद्ध कोणी बोलले नव्हते. तेव्हा नियम सतराच्या पूर्ततेसाठी ब्रिसुएलाने स्वतःच्या नेमणुकीविरुद्ध बोलावे. ब्रिसुएला सहा मिनिटे बोलला. नेमलेला विरोध हा विरोध नव्हेच, हे त्याने तीन उदाहरणे देऊन इतके मुद्देसूद दाखवले की हाच माणूस या कामाला योग्य, याबद्दल कोणाच्या मनात शंका उरली नाही.

अटी ठरल्या. विरोध मंगळवारी आणि शुक्रवारी, सात वीस ते सात तीस. विरोध अभ्यासपूर्ण असावा. रेडिओने न सांगितलेली गोष्ट त्यात नसावी. यानंतर लेन्सिनाने पूर्वापार प्रथेप्रमाणे सगळी नियमावली वाचून दाखवली. शेवटच्या, बाविसाव्या नियमापर्यंत अर्धे सभासद पेंगत होते: 'जो कोणी सभेचे इतिवृत्त शेवटपर्यंत वाचेल आणि हरकत घेणार नाही, तो सभेला हजर होता व सहमत होता असे धरले जाईल.'

शुक्रवारी ब्रिसुएलाने पहिला विरोध केला.

"मैदान सव्वीस मीटर," तो म्हणाला. "किनाऱ्यापासून बेटं ढोबळमानानं पाचशे वीस किलोमीटर. म्हणजे एक मीटरला वीस किलोमीटर. आपला गोळा अकरा सेंटिमीटरचा. या प्रमाणात शत्रूचं एकेक जहाज दोन किलोमीटर दोनशे मीटर लांब होतं."

पाउतासोंनी एक गोळा उचलून हातात तोलला.

"म्हणूनच तर," पाउतासो म्हणाले, "नेम चुकायचा नाही."

काय तो हशा! काय त्या टाळ्या! टाळ्या पाउतासोंना होत्या तशा ब्रिसुएलालाही होत्या; बुडवायला कोणी असल्याशिवाय बुडवण्याची मजा नाही, हे गाव जाणून होते. योजना आहे तशी मंजूर झाली आणि नियमानुसार इतिवृत्तात गेली. घरी जाताना ब्रिसुएला नेहमीपेक्षा सावकाश चालला. तीन कोटी लोकांचा हा देश, आणि त्यात उघडपणे, वेळापत्रकानुसार, विरुद्ध बोलणारा बहुधा तो एकटा. 'बहुधा' हा शब्द त्याने प्रामाणिकपणे मनात घातला आणि मग हळूच काढून टाकला.

आठवडाभरात आजूबाजूच्या गावांतून लोक सायकलींवरून विरोध बघायला येऊ लागले. खुर्च्या कमी पडल्या. घरी परतल्यावर ते लोक सांगत, "कोण म्हणतं आपल्या देशात बोलता येत नाही? पालोमेतासला मंगळवारी-शुक्रवारी बोलतात."

मग फौजदार माइदाना आला. तो मागच्या रांगेत बसला, त्याने मन लावून ऐकले, योग्य जागी टाळ्या वाजवल्या आणि नंतर ब्रिसुएलाच्या खांद्यावर हात ठेवला.

"मास्तर, घाबरू नका. विरोध छान आहे. हवाच. फक्त आदल्या दिवशी आणून दाखवत जा. दोन प्रतींत."

"दोन कशाला, साहेब?"

"एक आमच्या दप्तरी. दुसरी तुमच्या घरच्यांना. उद्या तुमचा पत्ता लागेनासा झाला, तर आठवण नको का काही?"

फौजदार मोठ्याने हसला. ब्रिसुएलाही हसला. त्याच्या हसण्याला अंदाजे अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला.

पण खरे सांगायचे तर शिक्का त्याला आवडला. विरोधाच्या कागदावर, वरच्या उजव्या कोपऱ्यात, जांभळ्या शाईत: 'विरोध. पाहिला. हरकत नाही.' इतकी वर्षे शाळेत शिकवून त्याच्या कुठल्याही कागदाची सरकारने अशी दखल घेतली नव्हती. त्याने पहिला कागद एका जाड पुस्तकात ठेवून सरळ केला.

सहा मे रोजी, गुरुवारी, रामोनाबाई सोतेलो एक पत्र घेऊन आली. रामोनाबाई क्लबाचे स्वयंपाकघर चालवत असे. तिचा मुलगा वाल्तेर एकोणीस वर्षांचा. सक्तीच्या लष्करी सेवेत होता आणि एप्रिलच्या मध्यापासून बेटांवर होता. ज्या गावात जुलैच्या ऐन हिवाळ्यातही लोक सदरा उघडा ठेवून फिरतात, त्या गावचा हा मुलगा. पत्रात दोन ओळी काळ्या केलेल्या होत्या. उरलेल्यात लिहिले होते: 'आई, मफलर पाठवू नकोस. तीन मिळालेत. एक गळ्यात आहे, दोन पायांना गुंडाळलेत. आमचा खड्डा गुडघाभर पाण्याने भरतो, उपसला की पुन्हा भरतो. बूट रात्रंदिवस ओले. डाव्या पायाची बोटं असल्यासारखी वाटत नाहीत. पाउतासोशेठच्या दुकानात भातखाचरात घालायचे गमबूट टांगलेले असतात ना, तसले असते तर राजा झालो असतो.'

"सेहेचाळीस जोड आहेत," रामोनाबाई म्हणाली. "मी मोजून आले. त्रेचाळीस नंबरचे चार. शेठचा जीव आहे वाल्तेरवर, मैदान सारवायला तोच यायचा ना. उद्या एक जोड मागून घेते. बावीस तारखेला ट्रक निघतोय राजधानीला, त्यात घालू."

ब्रिसुएलाने पत्र दोनदा वाचले. त्याला वाईट वाटले. आणि वाईट वाटता वाटताच त्याला एक विषय सुचला.

"एक कशाला मागता?" तो म्हणाला. "तिथं वाल्तेर एकटा आहे का? थांबा जरा. मी सभेत मांडतो. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस मिळवून देतो."

रामोनाबाईने त्याच्याकडे पाहिले. "नक्की ना, मास्तर? गावात तुम्हा एकट्यालाच विरुद्ध बोलायची परवानगी आहे. तुम्ही म्हणताय तर थांबते."

त्या वेळी गावात मफलराचे काम जोरात होते. मफलर एकच होता. क्लबाच्या दारापासून नदीच्या धक्क्यापर्यंत चारशे बारा मीटर, राष्ट्रध्वजाच्या रंगात, साठ घरच्या बायका विणत होत्या. एका गळ्याला एक मीटर साठ सेंटिमीटर धरले तर यातून दोनशे सत्तावन्न मफलर होतील, असे ब्रिसुएलाने एका विरोधात सुचवले होते. "म्हणजे कापायचा?" पाउतासोंनी विचारले होते. "आज मफलर कापाल, उद्या देश कापाल." मग तो न कापता एका रांगेत उभ्या असलेल्या संपूर्ण पलटणीने मिळून गळ्यात घालावा असे ठरले होते.

रामोनाबाईच्या पत्रानंतर ब्रिसुएलाने रात्रभरात काम केले. मफलराच्याच लोकरीचा एक मीटर साठ सेंटिमीटरचा वेगळा विणलेला तुकडा घेतला: कोरडा, दोनशे दहा ग्रॅम. पाण्यात बुडवून, न पिळता: सातशे नव्वद ग्रॅम. आठ तासांनी दोरीवर: सहाशे पाच ग्रॅम. लोकर पाणी धरते. रबर धरत नाही. हे दोन वाक्यांत सांगता आले असते. पण ब्रिसुएलाचा श्रोता आता दोन वाक्यांत भागणारा राहिला नव्हता. तीन गावांचे लोक येत होते. त्याने नऊ पानांचा निबंध लिहिला: 'आधुनिक युद्धात पायाचे स्थान'.

शुक्रवारी सकाळी घाईघाईत शिक्का मिळवून सात वीसला तो उभा राहिला. पहिली चार मिनिटे घर्षण. पुढची तीन मिनिटे, पायदळ या शब्दात पाय आधी का येतो. टाळ्यांमध्ये एक मिनिट गेले. ते त्याने थांबवले नाही. उरलेल्या दोन मिनिटांत तो गमबुटांवर आला, आणि म्हणाला, की विरोधी सदस्याचे मत असे आहे की मफलर थांबवावा आणि सेहेचाळीस जोड गमबूट पाठवावेत.

सभा भारावलेली होतीच. पाउतासो ताडकन उठले. "ठराव मंजूर झाला, तर माझ्या दुकानातले सेहेचाळीसच्या सेहेचाळीस जोड मी देतो! आजपासून ते माझे नाहीत, सभेचे!"

लेन्सिनाने ते लिहून घेतले. घंटा झाली. वेळ संपल्याने मतदान पुढच्या सभेवर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामोनाबाई, मन राहवेना म्हणून, एक जोड मागायला दुकानात गेली. पाउतासोंनी गमबुटांच्या लोखंडी आकड्याला हात घातला, आणि हात तसाच ठेवून थांबले.

"अगं, परवा आली असतीस तर पिशवीत घालून दिला असता. आता हे वादात आहेत."

नियम अठरा. एकोणीसशे चौतीस साली दोन घराण्यांत वाइनच्या एका पिंपावरून वाद झाला होता आणि वाद चालू असताना एका बाजूने पिंप पिऊन संपवले होते. तेव्हापासून: 'जी वस्तू सभेपुढे वादात आहे, ती निकाल लागेपर्यंत जागेवरून हलवू नये.' लेन्सिनाने दुपारी येऊन सेहेचाळीस जोडांना सुतळी बांधली आणि गाठीवर लाखेची मोहोर लावली. पाउतासोंना खरोखर वाईट वाटले. त्यांनी रामोनाबाईला मेणबत्त्यांचे पुडके फुकट दिले.

"मास्तर, हे काय झालं?" रामोनाबाईने विचारले.

"चांगलंच झालं," ब्रिसुएला म्हणाला. "आता दुसरा कोणी विकत घेऊन जाऊ शकत नाही. सेहेचाळीस सुरक्षित आहेत."

पुढच्या मंगळवारच्या आदल्या दिवशी फौजदार माइदानाने विरोधाचा कागद परत केला. 'पाणी' या शब्दाखाली लाल रेघ होती.

"मास्तर, बेटांवर पाणी आहे, पाऊस आहे, हे हवामान झालं. हवामान शत्रूला उपयोगी पडतं."

"साहेब, शत्रू त्याच पावसात उभा राहणार आहे."

"असेल. पण त्याला आपल्याकडून अधिकृतपणे का कळावं?"

ब्रिसुएलाला हा मुद्दा मूर्खपणाचा वाटला. पण फौजदाराने खुर्ची दिली होती, येर्बाचा कडू काढा दिला होता, आणि 'तुमच्यासारख्या विद्वानाला शब्दांचा काय तुटवडा' असे म्हटले होते. ब्रिसुएलाने जागेवरच सगळीकडे 'पाणी' खोडून 'बाह्य कारणांनी निर्माण होणारी आर्द्रता' असे लिहिले, आणि 'ओले पाय' खोडून 'आर्द्रताप्राप्त खालची टोके'. शिक्का बसला. मंगळवारचा तो विरोध आजवरचा सर्वांत यशस्वी ठरला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मतदान मात्र झाले नाही, कारण मत नेमके कशावर द्यायचे हे कोणाला कळले नव्हते. शुक्रवारी त्यावर खुलासा मागवण्यात आला, आणि खुलाशाला दहा मिनिटे पुरली नाहीत.

अठरा मे उजाडला. ट्रक निघायला चार दिवस उरले. रामोनाबाई सभेत येऊन उभी राहिली. हातांना पीठ लागलेले होते.

"तुमचं बोलून कधी होणार?" ती म्हणाली. "माझा पोरगा तिथं पाण्यात उभा आहे."

"आर्द्रतेत," लेन्सिनाने लिहिता लिहिता दुरुस्ती केली.

"लेन्सिना, तुझ्या तोंडात मारीन मी!"

पाउतासो मऊ मनाचे होते. त्यांनीच तोड काढली. या क्लबात शब्दांनी न सुटलेला वाद कशाने सुटतो? बोचासने. गुळगुळीत गोळे मफलराचे, रेघांचे गोळे गमबुटांचे. चार-चार फेकायचे. छोट्या गोळ्याच्या जवळ ज्याचा गोळा, त्याचा ठराव मंजूर. शेवटचा शब्द मापाचा, आणि माप ब्रिसुएला मास्तरांचे. सभेने जयजयकार केला. आपल्या लोकशाहीत काही उणे नव्हते.

मफलराच्या बाजूने स्वतः पाउतासो खेळले. गमबुटांच्या बाजूने कोणी पुढे येईना. विरोधी सदस्य मापाडी असल्याने खेळू शकत नव्हता आणि इतर कोणाला विरोधी बाजूने हात उचलताना फौजदाराने पाहायला नको होते. शेवटी रामोनाबाईने एप्रनला हात पुसले. बायकांनी मैदानात उतरू नये असा नियम नव्हता, नुसती सवय होती. लेन्सिनाने पाने उलटून खात्री केली आणि ती उतरली. तिचे पहिले तीन गोळे फळीवर जाऊन आपटले. पाउतासोंचा चौथा छोट्या गोळ्याच्या अर्धी वीत अलीकडे थांबला. लोकांनी टाळ्या सुरू केल्या. मग रामोनाबाईने शेवटचा गोळा उचलला, गालाला लावला, ओठ हलवले, आणि सोडला. तो हळू गेला, थांबतो की काय असे वाटत असताना गेला, आणि छोट्या गोळ्याच्या दुसऱ्या अंगाला जाऊन उभा राहिला.

ब्रिसुएला उकिडवा बसला. एक डोळा मिटला.

गुळगुळीत: एकशे अठरा मिलिमीटर. रेघांचा: एकशे चौदा.

रामोनाबाई जिंकली होती. सेहेचाळीस जोड जिंकले होते. बावीस वर्षे त्याने एकदाच मोजले होते आणि आकडा सांगून उठला होता. त्या दिवशी तो उठला नाही. तीन गावांचे लोक, फौजदार, सगळे त्याच्याकडे पाहत होते, आणि माप त्याच्या स्वतःच्या बाजूने झुकले होते. लोक काय म्हणतील? विरोधी सदस्याने मोजले आणि विरोधी सदस्य जिंकला? त्याने पुन्हा मोजले. एकशे एकोणीस, एकशे तेरा. पुन्हा मोजले. एकशे सतरा, एकशे पंधरा. खिशातून पेन्सिल काढली, फळीवर बेरीज केली, तीनाने भागले. मग मातीचा ओलावा, गोळ्यांची झीज आणि काठीच्या टोकाची ढिलाई विचारात घेतली.

तो उभा राहिला आणि आयुष्यातले सर्वांत प्रामाणिक वाक्य बोलला.

"सरासरी फरक चार मिलिमीटर. मापातील संभाव्य चूक पाच मिलिमीटर. म्हणजे शास्त्रीयदृष्ट्या, फरक सिद्ध होत नाही."

आधी कोणाला समजले नाही. मग समजले, आणि टाळ्यांनी पत्रा थरथरला. काय हा माणूस! स्वतःविरुद्ध! फौजदार माइदानाने टोपी काढली. असा विरोधक सगळ्या देशाला मिळो, असे पाउतासो म्हणाले.

"मास्तर," रामोनाबाई मैदानातूनच म्हणाली, "माझा गोळा जवळ होता."

"होता, रामोनाबाई," ब्रिसुएला म्हणाला. "पण निश्चितपणे नव्हता."

निकाल लागला नाही म्हणून वाद कायम राहिला, आणि वाद कायम म्हणून मोहोर कायम राहिली.

शुक्रवारी, एकवीस तारखेला, येर्बाचा तुंबा नेहमीसारखा हातोहात फिरत होता. काढा भरून देणारी रामोनाबाई होती. ब्रिसुएलाने हात पुढे केला. तुंबा त्याला ओलांडून शेजारच्याकडे गेला. गावात यापेक्षा मोठी शिवी नाही. सभेआधी ती त्याच्याजवळ आली.

"मी लेन्सिनाला विचारलंय. तुम्ही विरोध मागे घेतलात की वाद संपतो. वाद संपला की सुतळी सुटते. शेठ एक जोड लगेच देतो म्हणालाय, त्रेचाळीस नंबर. ट्रक उद्या सकाळी सहाला निघतोय. दोन ओळी लिहून द्या, मास्तर."

रविवारी ब्रिसुएलाला शेजारच्या शहरातील रेडिओवर बोलावले होते. विषय: 'जबाबदार विरोध'. मागे घेतलेल्या विरोधावर कोणी भाषण ऐकत नाही.

"रामोनाबाई, हा एका जोडाचा प्रश्न राहिलेला नाही," तो म्हणाला. "हा तत्त्वाचा प्रश्न आहे. मंगळवारी नव्यानं मोजू. चुकीची मर्यादा दोन मिलिमीटरवर आणायची युक्ती सापडलीय मला. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस मिळतील."

"मंगळवारी ट्रक नाहीये."

"दुसरा जाईलच की."

ती जायला वळली. मग म्हणाली, "तुम्हाला वाटतं, तुम्ही त्यांच्याविरुद्ध बोलता." आणि तळणाची कढई उतरवायला आत गेली.

शनिवारी सहा वाजता ट्रक निघाला. त्यात मफलर होता, चारशे बारा मीटर, एका मोठ्या रिळाला गुंडाळलेला. दुसरा ट्रक गेला नाही. रविवारी ब्रिसुएला रेडिओवर बावीस मिनिटे बोलला. निवेदकाने त्याला मधे एकदाही तोडले नाही. मंगळवारी नवी काठी मंजूर करण्याचा ठराव आला. त्याला विरोध आवश्यक होता. ब्रिसुएलाने केला.

तेरा जूनला, रविवारी, विश्वचषकातला आपला पहिला फुटबॉल सामना आपण एक-शून्य हरलो. चौदाला, सोमवारी, बेटांवर शरणागती झाली. मंगळवारी क्लबात फुटबॉलवर तीन तास चर्चा झाली. विरोधी सदस्य नेमावा लागला नाही. शेवटच्या पाच मिनिटांत युद्धाचा विषय निकालात काढण्यात आला, सुतळी कापण्यात आली, आणि सेहेचाळीस जोड गमबूट आकड्यांवर पूर्ववत टांगण्यात आले. लेन्सिनाने वही मिटण्यापूर्वी हजेरी वाचली: सभासद एकतीस, पाहुणे चौदा, आणि नियम बावीसप्रमाणे, हे इतिवृत्त इथपर्यंत वाचलेले सर्व.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात वाल्तेर सोतेलो घरी आला. त्याच्यासाठी शहरातल्या चांभाराकडून खास बूट करून घ्यायचा होता आणि चांभाराने दोन्ही पायांची बिनचूक मापे मागवली होती. रामोनाबाई त्याला क्लबात घेऊन आली. त्याला खुर्चीवर बसवले आणि काठी आणून ब्रिसुएलाच्या हातात दिली.

"तुमच्यासारखं मोजणारं दुसरं कोण आहे गावात," ती म्हणाली.

वाल्तेरने मोजे काढले. "मास्तर, थंड आहे हो तुमची काठी," तो म्हणाला आणि हसला.

ब्रिसुएला उकिडवा बसला. त्याने तीनदा मोजले. तिन्ही वेळा आकडे तेच आले.

उजवा: दोनशे बहात्तर मिलिमीटर. डावा: दोनशे एकोणचाळीस.